मंगलाष्टकांचा आवाज : या सिझनची नोंद

गेल्या शनिवारी परभणी जिल्ह्यातल्या मानवतजवळच्या एका गावात या सिझनमधलं पाचवं लग्न शूट केलं. मंगलाष्टकं पहिल्या ओळीपासून ‘शुभमंगल सावधान’पर्यंत स्वच्छ आली, हे पहिल्यांदाच. म्हणून नोंद लिहायला बसलो.

तुळशीचं लग्न झाल्यावर पहिल्याच तिथीला सेलूत मामेबहिणीचं लग्न होतं. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर घेतली आणि मी निर्धास्त झालो. मिक्सरचा लाइन लेव्हलचा जोरदार सिग्नल मी माइक इनपुटमध्ये घातला होता, त्यामुळे भटजींचा आवाज सगळा फाटला. तेही सोसलं असतं. पण शेवटचं मंगलाष्टक मावसआजीने म्हटलं, स्वतः रचलेलं, नवरीचं नाव गुंफलेलं. तिच्या हातात माइक द्यायचं कुणालाच सुचलं नाही. मिक्सरमध्ये जे गेलंच नाही, ते वायरीत कुठून येणार? कॅमेरा मागे तीस मीटरवर होता. त्यात जनरेटर, पंखे आणि लेकरांचा गलका. आजीचे ओठ हलताना दिसतात, शब्द एक नाही. ती फाइल मी अजून पुसलेली नाही.

तेव्हापासून एक ठरवलं : मांडवातल्या साऊंडवर सगळी भिस्त ठेवायची नाही, माणसाच्या तोंडाजवळ स्वतःचा रेकॉर्डर हवाच.

आता मिक्सरला झूम एच१एन हा खिशात मावणारा रेकॉर्डर लावतो, मध्ये 40 डीबीचा पॅड असलेली वायर, म्हणजे मिक्सरचा जोरदार सिग्नल माइक इनपुटला झेपेल इतका कमी होतो. मोठ्यात मोठा आवाज मीटरवर उणे 12 डीबीच्या आसपास राहील (शून्याच्या वर आवाज फाटतो) असा गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी. मुहूर्ताच्या तासभर आधी पोचतो, कारण साऊंडवाल्याशी बोलणं हे यातलं अर्धं काम आहे. परवा त्याने विचारलंच, “भाऊ, काय करायलात?” म्हटलं, “दादा, फक्त आवाज घ्यायलाव. तुमच्या मास्टरला, मेन आवाजाच्या बटणाला, हात लावत नाही.” मग त्यानेच मोकळं आउटपुट दाखवलं. रेकॉर्डर सेलवरच चालवायचा. अडॅप्टर जनरेटरच्या बोर्डात घातला की तो 50 हर्ट्झचा घूंऽऽ आवाज मागे लागतो.

दुसरा रेकॉर्डर झूम एफ२, अंगावर लावायचा, छोट्या कॉलर माइकचा. माइक भटजींच्या उपरण्याला, हनुवटीखाली वीतभर. नवरदेवाच्या शेरवानीवर लावून पाहिला होता, पण जरीचं काम घासून खरखर फार येते. वायरलेस माइक मी मुद्दाम टाळतो. त्याचा 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल माणसांच्या शरीरांत अडतो, आणि अक्षता टाकायला सगळा मांडव उठून उभा राहतो तो नेमका आपल्या कामाचा क्षण. अंगावरच रेकॉर्ड होत असेल तर ही काळजीच नाही. एफ२ मध्ये 32-बिट फ्लोट आहे, म्हणजे हळू आणि मोठा दोन्ही आवाज न फाटता नोंदवणारी पद्धत, त्यामुळे गेन लावायची भानगड नाही. ‘सावधान’ म्हणताक्षणी बँड सुरू होतो तेव्हा याची किंमत कळते. मात्र माइकची कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भागच, सहन करू शकणार नाही इतका आवाज झाला, तर तो फ्लोटनेही वाचत नाही. ताशाच्या तोंडाशी उभं राहू नका.

एक अडचण आपल्याकडचीच. अक्षता ज्वारीच्या. रंगवलेली ज्वारी मुठीने येते आणि दाणा माइकवर बसला की ‘टक्’ असा आवाज येतो, नेमका अक्षरावर. नुसत्या फोमने भागलं नाही. केसाळ टोपी घातली आणि माइक उपरण्याच्या घडीत, तोंड खाली करून लावला, तेव्हा दाण्यांचा आवाज जवळजवळ गेला.

एडिटिंगमध्ये बरेच जण फसतात ती गोष्ट : रेकॉर्डरच्या आवाजाच्या लाटा कॅमेऱ्याच्या आवाजाशी जुळवल्या तरी ओठ जुळत नाहीत, कारण दूरच्या कॅमेऱ्यापर्यंत आवाज उशिरा पोचतो. 40 अंशांच्या उन्हात आवाज सेकंदाला साधारण 355 मीटर जातो. तीस मीटर म्हणजे 85 मिलिसेकंद, 25 फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेम. रेकॉर्डरचा स्वच्छ आवाज तेवढा आधी सरकवायचा.

पण मानवतला खरं कामाला आलं ते हळदीच्या संध्याकाळी विचारणं : “मंगलाष्टकं कोण कोण म्हणणार?” चार नावं मिळाली, त्यात नवरीची आजी. त्या म्हणाल्या, “लेकरा, मला कुठं माइकवर जमतंय.” म्हटलं, “आजी, माइक धरूच नका. भटजींच्या शेजारी उभं राहून म्हणा.” भटजींनाही सांगून ठेवलं. आजींनी अंतरपाटाचं टोक धरून म्हटलं. कागद उलटल्याचा आवाज आहे, तिसऱ्या ओळीआधी घेतलेला दम आहे, आणि सगळे शब्द आहेत.

वैशाखात जिंतूरला सहावं लग्न आहे. तिथे पाठवणी घ्यायची आहे, जिथे मिक्सरही नसतो आणि स्टँडही. नवरीच्या आईच्या पदराला एफ२ लावू का, म्हणून त्यांना आधीच विचारलं. त्या म्हणाल्या, “बोलणं घ्या. रडणं मात्र मला ऐकवून मगच ठेवा.”