काका, नंबर पसंतीचा का?

"काका, आ नंबर पसंद करीने लीधो हतो?" बाबांच्या जुन्या मारुतीला एचएसआरपी, म्हणजे नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवताना तिथल्या पोराने विचारलं. चारही आकडे सारखे होते, म्हणून असेल.

बाबा म्हणाले, "ना रे भाई, लाइनमां जे आव्यो ते."

पोराचा विश्वास बसला नाही. असा नंबर फुकट? सिरीज उघडली की आता ऑनलाइन लिलाव होतो, आवडत्या आकड्यासाठी लोक भरपूर पैसे मोजतात. आमच्याच नात्यात एकाने बेरीज नऊ यावी म्हणून मोजलेत. (गाडी कर्जावर, नंबर रोख!)

जुनी पाटी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या पेंटरने रंगवलेली. जीजे ०६ मधल्या सहाला त्याने अशी ऐटदार शेपटी काढली होती की पार्किंगमध्ये आमची गाडी लांबूनच ओळखू यायची. खाली बारीक अक्षरात 'श्री गजानन प्रसन्न'. नियमात काहीच बसणारं नव्हतं.

नवी पाटी ॲल्युमिनियमची. डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचं २० मिमीचं होलोग्राम, त्याखाली लेसरने कोरलेला १० अंकी क्रमांक, आणि एकदा बसवलं की तोडल्याशिवाय न निघणारं लॉक. चोराला अवघड, हे मान्यच. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती कंपनीकडूनच येते, जुन्यांना अशी मागाहून बसवायची.

गंमत म्हणजे लिलावात लाख मोजणाऱ्यालाही हीच पाटी, हाच ठसा. आकडा विकत मिळतो, वळण नाही.

बाबा मात्र खूश. "बघ, फुकटात व्हीआयपी निघालो," दिवसभर चाललंय.

तुमचा नंबर लाइनीतला की लिलावातला?