ळ अक्षराची खातरजमा: गावच्या बागेतील स्मारकाचा माझा अनुभव

आमच्या गावचा एक जवान डिसेंबर 1971 च्या युद्धात पश्चिम आघाडीवर कामी आला. दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक 25 फेब्रुवारी 2019 रोजी राष्ट्राला अर्पण झाले आणि तेथे त्यांचेही नाव आहे. पण त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, दिल्ली फार दूर. म्हणून ग्रामपंचायतीच्या बागेत त्यांचे स्मारक उभारावे, असा ठराव आम्ही 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडला व तो एकमताने मंजूर झाला.

सुरुवातीला सर्वांना अर्धपुतळाच हवा होता. मात्र पुतळ्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता आणि पुढील देखभालीची हमी लागते, हे ग्रामसेवकांनी समजावून सांगितल्यावर आम्ही काळ्या दगडाचा साधा स्मृतिस्तंभ करण्याचे ठरवले. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो, कारण काकूंकडे असलेल्या एकुलत्या एक पुसट फोटोवरून घडवलेला चेहरा त्यांना परका वाटला असता. जागा पंचायतीचीच असल्याने जागेच्या नोंदीचा, म्हणजे नमुना 8 चा, उतारा लगेच मिळाला, आणि वर्गणीचाही प्रश्न आला नाही. कापूस विकला गेला तसे कास्तकार स्वतःहून पैसे आणून देत होते.

खरा वेळ गेला तो नावात. ते सैन्याच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचे जवान होते, त्यामुळे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या सल्ल्याने त्या रेजिमेंटच्या कामठी येथील अभिलेख कार्यालयाला पत्र लिहून सेना क्रमांक, हुद्दा आणि तारीख पडताळून घेतली. तो कागद इंग्रजीत होता, आणि त्यावरून दगडवाल्याने काढलेल्या कच्च्या नमुन्यात आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’ झाला होता. गावात तर वऱ्हाडी वळणाने तोच ‘ळ’ ‘य’सारखा उच्चारला जातो, त्यामुळे जुन्या जाणत्यांना विचारूनही उलगडा होईना. शेवटी जिल्हा परिषद शाळेतील दाखल-खारीज रजिस्टर उघडले. कडा कुरतडलेल्या पानावर, टाकाच्या निळ्या शाईत, गुरुजींनी ‘ळ’ ठसठशीत गोलाईने लिहिलेला होता. मुख्याध्यापकांनी त्या नोंदीचा साक्षांकित उतारा दिला आणि तो आम्ही दगडवाल्याच्या हाती ठेवला.

काकूंना नमुना दाखवायला गेलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “नाव तेवढं बरोबर लिहा बाप्पा, मांगं येनाऱ्याईनं तेच वाचनं हाये.” ‘शहीद’ लिहावे की नाही, यावरही चर्चा झाली. सैन्याच्या कागदावर तो शब्द नव्हता, म्हणून आम्ही ‘वीरगती’ लिहिले आणि खाली केवळ तारीख कोरली.

16 डिसेंबरला, विजय दिवशी, अनावरण झाले. शाळेच्या मुलांनी दगडावरचे नाव मोठ्याने, स्वच्छ ‘ळ’ उच्चारून वाचले. काकूंनी त्या अक्षरावरून दोनदा बोट फिरवले आणि मग तेच नाव आपल्या ‘य’ने, हळूच, स्वतःशी घेतले.