पाय टेकला की एक गुण
रविवारी लीड्सजवळच्या एका ओढ्यात बारा वर्षांची मुलगी ओल्या दगडांवरून मोटरसायकल चढवत होती. काठावर वही घेऊन बसलेल्या आजोबांनी तिच्या नावापुढे शून्य मांडलं. तिनं हेल्मेट काढलं नि म्हणाली, "त्या मोठ्या दगडामागे माझा डावा पाय टेकला होता." आजोबांनी शून्य खोडून एक केला. ती पुढच्या दगडांकडे निघून गेली. मी तिथंच उभी.

या प्रकाराला ट्रायल म्हणतात. कोण आधी पोचला याला इथे महत्त्व नाही. पाय एकदा टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी तीन, आणि पडलात तर पाच. ज्याचे गुण कमी, तो जिंकला. गाडीवर बसायची सोयच नाही, सारं उभ्यानं तोलायचं.

मला आजवर फक्त मोटोक्रॉस ठाऊक होतं. नागपूरच्या व्हरायटी चौकातला सिग्नल सुटावा तशा चाळीसेक गाड्या एकदम सुटतात, ते. त्याची पहिली शर्यत १९२४ साली इंग्लंडमध्येच, कॅम्बर्लीला झाली. स्टेडियममध्ये माती ओतून तेच केलं की सुपरक्रॉस. एंड्युरोत रानवाटांनी घड्याळाशी झुंजायचं. रॅली-रेडमध्ये रोडबुक, म्हणजे वाटेच्या खाणाखुणांची यादी, वाचत दिवसामागून दिवस वाळवंट तुडवायचं. आणि त्यात आपण मागे नाही, राजेहो! २०१५ मध्ये सी. एस. संतोष डकार नावाची अशीच रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, २०२४ मध्ये हरिथ नोहनं तिथं रॅली-२ गट जिंकला. इथल्या लोकांना मी हे आवर्जून सांगते.

गोरेवाड्याकडच्या मुरमाड टेकाडावर माझा धाकटा भाऊ आरएक्स १०० घेऊन हेच करायचा. पाय न टेकवता वर जायचं, एवढाच त्याचा ध्यास. मी बाबांना सांगितलं. महिनाभरात गाडी विकली गेली. डोक्यावर हेल्मेट नाही, पायात चप्पल. मी सांगितलं ते बरोबरच होतं. इथे एवढुशा पोट्ट्यालाही बूट-हेल्मेटशिवाय गाडीवर बसू देत नाहीत, आणि पडला तर उचलायला चार माणसं उभी असतात. टेकाडावर असं एक जरी मोठं माणूस असतं, तर मी बाबांकडे गेलेच नसते.

रात्री भावाला त्या मुलीचा व्हिडिओ पाठवला. बराच वेळ काही उत्तर नाही. मग फोनच आला.

"ताई, मागच्या चाकात हवा किती ठेवतात वं ते?"