गॅस नव्हे, हवा

"मालक, आत बसून जाळीपुढं हात धरा," म्हणत मेकॅनिकनं मगभर पाणी माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या ग्रिलमधून थेट एसीच्या कंडेन्सरवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर, ओतलं. आतली कोमट हवा बघता बघता गार झाली. एसीतल्या गॅसचं प्रेशर दाखवणाऱ्या गेजवर हाय साइडचा, म्हणजे जास्त प्रेशरच्या बाजूचा, काटाही खाली आला.

"गॅस हाय की भरपूर. हवा मिळंना झालीय त्याला."

सोलापुरात होटगी रोडला गाडी पळती असली की एसी झकास. सात रस्त्याला सिग्नलवर थांबलो की नुसता फुफाटा! आधीच्या गॅरेजमध्ये दरवेळी औषध एकच, गॅस भरा. गेज लावलेला मी तिथं कधी पाहिला नाही.

इंजिन 1089 सीसीचं, ताकद 40 हॉर्सपॉवरच्या आसपास, त्यावर एसीचा गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचं ओझं. रेडिएटरपुढं कंडेन्सर बसवला, पंखा मात्र जुनाच, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. गाडी उभी, इंजिन मंद, की पंखाही मंद. त्यात गॅस जास्त झाला तर प्रेशर आणखी चढतं आणि गारवा उलट कमीच होतो.

आता कंडेन्सरपुढं इलेक्ट्रिक पंखा बसवतोय. त्यासाठी बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून त्याजागी अल्टरनेटर, कारण आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद चालताना, डायनामो धड चार्जिंगच देत नाही. खर्च? बायकोला अजून सांगितलेला नाही.

पण एसी असो की घरातला फ्रिज, गार होईना म्हटलं की न तपासता थेट गॅसच का भरतात? आणि आपणही निमूट पैसे देतो.

जुन्या गाडीत एसी बसवलेल्यांनो, तुमचा पंखा कंडेन्सरच्या पुढं आहे की मागं?