अकरा नंबरचे पिंप

शिकागोजवळच्या एका लहान ब्रुअरीत मी गुणवत्ता विभाग सांभाळते. माझे मूळ काम प्रयोगशाळेतले असले, तरी बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत दहा महिने मुरलेली इम्पीरियल स्टाउट, म्हणजे काळी, कडक बिअर, बाहेर काढायची वेळ आली, की कोणते पिंप मिश्रणात घ्यायचे आणि कोणते वगळायचे हे ठरवणाऱ्या पाच जणांत मलाही बसावे लागते. गेल्या सप्टेंबरात मी असे एक पिंप नाकारले, आणि ते बरोबर केले की चूक, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

या कामाचा हेवा करणाऱ्यांना त्यातली शिस्त ठाऊक नसते. सकाळी दहाची वेळ, त्याआधी कॉफी नाही, अंगाला अत्तर नाही, आणि एका बैठकीत सहाच पिंपे, कारण १३ टक्के अल्कोहोलपुढे जीभ फार वेळ टिकत नाही. वाइन पारखणारे घोट थुंकून टाकतात. बिअरचा कडवटपणा घशापाशी कळतो म्हणून आम्ही तो गिळतो, पण चमचाभरच.

अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवावी लागते, म्हणून एकदा वापरलेली पिंपे आमच्यासारख्यांच्या वाट्याला येतात. एकेकात साधारण २०० लिटर मावते. एकाच टाकीतून एकाच दिवशी भरली, तरी एकातून व्हॅनिला येते, दुसऱ्यातून भाजलेले खोबरे, तिसऱ्यातून नुसते ओले लाकूड. पिंपाच्या सपाट तोंडाला बारीक भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा बसवलेला असतो. तो पकडीने उपसला की काळी, तेलकट धार सरळ ग्लासात पडते, आणि नमुना मिळताच खिळा पुन्हा दाबून बसवायचा. हे खिळे मी स्वतःच उपसते, कारण आमच्या गोदामातल्या मंडळींना खिळा आधी आणि नंतर स्पिरिटने पुसणे हा माझा लहरीपणा वाटतो.

अकरा नंबरच्या ग्लासात प्रथम विशेष काही नव्हते. तळहातात धरून तो जरा कोमट झाल्यावर काकवी आली, खारीक आली, करपायच्या बेतात आलेला गूळ आला, आणि या सगळ्यांच्या मागून, गिळून झाल्यावर, जिभेच्या कडांना आमसूल लागले. माझे बालपण सावंतवाडीत गेले आहे. आमसुलाच्या बाबतीत मी सहसा चुकत नाही. बोलण्याआधी लिहायचे हा नियम असल्याने कागद उलटल्यावरच कळले, की उरलेल्या चौघांनी 'चेरी' लिहिले होते आणि मुख्य ब्रूअरने त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्यांच्या लेखी हे त्या वर्षीचे सर्वोत्तम पिंप होते. चव तीच होती, पण चेरी म्हटले की फळ आठवते आणि आमसूल म्हटले की आंबटपणा.

पीएच मोजला (तो जितका कमी, तितका आंबटपणा जास्त): बाकी पाच पिंपांचा ४.४ आणि याचा ४.२. जीवाणू वाढवून पाहायच्या प्लेटवर काही उगवले नव्हते, पण त्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता, कारण लॅक्टोबॅसिलस ॲसिटोटॉलरन्स हा जीवाणू नेहमीच्या प्लेटवर सहज वाढत नाही आणि स्टाउट मात्र बाटलीत सावकाश आंबवतो. पीसीआरसाठी, म्हणजे जीवाणूंचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी, नमुना बाहेर पाठवावा लागणार होता. मिश्रणाची टाकी दुसऱ्याच दिवशी ठरलेली होती. एका पिंपापायी तीस पिंपांचा माल पणाला लावायचा नाही, म्हणून मी नकार दिला.

येथवर सारे नियमाला धरून होते. मला ते पिंप बाजूला ठेवलेले हवे होते. पण केंटकीहून नवी पिंपे येऊन पडली होती, ती वाळली तर फळ्यांचे सांधे सुटतात, आणि आमच्याकडे जागेची गरज ही नेहमीच शंकेपेक्षा मोठी ठरते. संध्याकाळी अकरा नंबर सांडपाण्याच्या टाकीत रिकामे झाले. मला कोणी विचारले नाही, हे खरे. पण 'अहवाल येईपर्यंत हलवू नये' अशी चिठ्ठी मीही लावली नव्हती.

नऊ दिवसांनी पीसीआरचा अहवाल आला, त्यात काहीही सापडले नव्हते. मुख्य ब्रूअरने तो कागद न बोलता माझ्या टेबलावर ठेवला. तो ओरडला असता तर मला बरे वाटले असते. अर्थात, असा अहवाल ज्या जीवाणूंसाठी चाचणी केली तेवढ्यांपुरताच असतो. मी दोन बाटल्या राखून ठेवल्या होत्या. त्यांतली एक ३० अंशांवर तीन महिने ठेवून उघडली. उष्णतेने सोया सॉससारखा वास आला होता, पीएच ४.२ वरच होता आणि आमसूल होते तेवढेच होते. म्हणजे बहुधा ते लाकडातूनच आले असावे. दुसरी बाटली शीतपेटीत तशीच आहे.

यंदाच्या चवपत्रिकेत 'आमसूल' हा शब्द घालावा, असे मी सुचवले. मुख्य ब्रूअरने तो मला दोनदा उच्चारायला लावला, लिहून घेतला, आणि विचारले की हा गुणांच्या रकान्यात टाकायचा की दोषांच्या. पत्रिका पुढच्या आठवड्यात छापायला जायची आहे, आणि मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही.