फोन असतो कुणाच्या खिशात? गरोदर मातांच्या नोंदणीचा माझा अनुभव

गरोदर मातेची नोंदणी करताना रकाने भरपूर असतात. त्यातले दोन चुकले की बाकीचे नीट भरूनही, फोनवर येणाऱ्या सरकारी निरोपांचा आणि आमच्या विचारपुशीचा तिला काही उपयोग होत नाही. एक मोबाइल नंबर, दुसरा शेवटच्या पाळीची तारीख. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड पट्ट्यात आरोग्यसेविका म्हणून काम करताना मला जेवढे घोळ निस्तरावे लागले, त्यातले बहुतेक या दोन रकान्यांतलेच होते. त्यामुळे नोंदणीचा सगळ्यात जास्त वेळ मी यांच्यावरच घालवते.

आधी नंबर. "तुझा नंबर सांग" म्हटलं की नवऱ्याचा नंबर मिळतो. तो खोटा नसतो, घरात तोच "आपला" नंबर असतो. म्हणून मी तीन प्रश्न विचारते. फोन कुणाचा आहे? दिवसा कुणाजवळ असतो? उद्या सकाळी दहाला मी लावला तर कोण उचलेल? खरं उत्तर तिसऱ्या प्रश्नाला येतं. "उद्या का? उद्या ते चाकणला जाणार कामाला." मग सासूचा, जावेचा किंवा शेजारणीचा नंबर निघतो. जो नंबर मिळेल त्यावर तिथंच, तिच्यासमोर मिस कॉल द्यायचा. दहाऐवजी नऊच आकडे सांगितलेले, रिचार्ज संपून बंद पडलेलं सिम, पाठ असलेला पण दोन वर्षांपूर्वीचा नंबर, हे सगळं त्या एका मिस कॉलमध्ये कळतं. माझ्या वहीत नंबरापुढे दोन जादा रकाने आखलेत: "फोन कुणाकडे" आणि "केव्हा लागतो". हे रकाने पेन्सिलने भरायचे, कारण नऊ महिन्यांत ते एकदा तरी बदलतात.

महिनाअखेरीला नोंदी पूर्ण करायची घाई असते आणि नंबर मिळत नाही. तेव्हा आशाताईचाच नंबर टाकायचा मोह होतो. तो टाळा. एका आशाच्या नंबरावर पाच जणी नोंदवल्या की पाचही जणींचे फोन तिलाच येणार आणि त्या पाच जणींच्या कानावर काहीच पडणार नाही. शिवाय कागदावर त्या "फोनवर उपलब्ध" दिसतात, म्हणून पुढं कोणी शोधायलाही जात नाही.

आता तारीख. बाई तारखेने सांगत नाही, सणाने सांगते. "गौरी उठल्या आणि मग चार दिवसांनी." "पोळ्याच्या आदल्या दिवशी, डोक्यावरून पाणी घेतलं होतं." हे उत्तर तारखेपेक्षा जास्त भरवशाचं असतं, फक्त समोर दिनदर्शिका हवी. मी फोनमध्ये मागच्या वर्षाच्या दिनदर्शिकेच्या बारा पानांचे फोटो ठेवलेत. सण सापडला की दिवस मोजायचे आणि पाळीचा पहिला दिवस धरायचा, शेवटचा नाही. ही चूक सर्रास होते आणि प्रसूतीची तारीख चार-पाच दिवस पुढं सरकते. पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवले की अपेक्षित तारीख येते, म्हणजे २८० दिवस. काहीच आठवत नसेल तर १५ किंवा १ तारीख ठोकून देऊ नका. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी करून घ्या. तिच्यात आणि पाळीच्या हिशेबात आठवड्याहून जास्त फरक निघाला तर डॉक्टर सोनोग्राफीचा अंदाज धरतात. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरही एक तारीख छापून येते. ती बघून जुनी तारीख खोडायची नसते. बाळ लहान भरलं तर ती तारीख पुढे जाते, आणि बाळाची वाढ कमी आहे हेच नेमकं झाकलं जातं.

तारखेवर एवढा भर देण्याचं फोनशी थेट नातं आहे. किलकारी ही सरकारची मोफत सेवा २०१६ पासून देशात आहे, महाराष्ट्रात मराठीतून २०२४ मध्ये आली. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे एकूण ७२ रेकॉर्ड केलेले निरोप येतात. कोणत्या आठवड्यात कोणता निरोप जायचा हे आरसीएच पोर्टलवरच्या, म्हणजे माता-बाल नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या, पाळीच्या तारखेवरून ठरतं. तारीख दोन महिने चुकली तर सातव्या महिन्यातल्या बाईला पाचव्या महिन्याचा सल्ला मिळतो. ती एक-दोनदा ऐकते, "हे माझ्यासाठी नाही" म्हणते आणि पुढचे फोन कापते.

फोन कापण्याचं आणखी एक कारण आहे. कॉल ०१२४ ने सुरू होणाऱ्या बाहेरगावच्या नंबरावरून येतो. हल्ली असा नंबर दिसला की लोकांना कर्जवाला नाहीतर ओटीपी मागणारा चोर आठवतो. त्यात त्यांची चूक नाही. म्हणून नोंदणीच्या दिवशीच तो नंबर तिच्या फोनमध्ये नावाने साठवून द्यायचा. मी "बाळाचा फोन" असं नाव टाकते. "किलकारी" नाव पाहून फोन उचलणारी सासू मला अजून भेटलेली नाही, "बाळाचा फोन" मात्र सासराही उचलतो आणि सुनेला हाक मारतो. फोन चुकला तर १४४२३ वर लावून त्या आठवड्याचा निरोप पुन्हा ऐकता येतो. सलग सहा आठवडे फोन लागला नाही, किंवा लागूनही निरोप पाव हिस्साही ऐकला नाही, तर ती सेवा आपोआप बंद पडते. म्हणून महिन्यातून एकदा मी विचारते, "मागच्या फोनमध्ये काय सांगितलं?" फोन येतो का, असं विचारलं तर सगळ्या "हो" म्हणतात.

मुंबईतल्या वस्त्यांमध्ये आरमान संस्थेची एममित्र सेवा याच धर्तीवर चालते. तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडली. फोन दिवसाच्या कोणत्या वेळी यावा हे बाईला निवडता येतं. फोन सामाईक असलेल्या घरात असली सोय सगळ्यात मोठी.

पैशाच्या नोंदणीला मात्र नंबराचा नियम वेगळा आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ३,००० आणि २,००० असे दोन हप्ते मिळतात, आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये एकदम. इथं आधारला जोडलेला नंबर लागतो, कारण ओटीपी त्यावरच येतो. तो बहुतेकदा माहेरचा, लग्नाआधीचा असतो. फॉर्म उघडण्याआधी "भावाला फोन कर, दहा मिनिटं फोन हातात धरून बस म्हणावं" हे सांगायचं. फॉर्म उघडल्यावर शोधाशोध केली की ओटीपीची मुदत संपते. तो नंबरच बंद असेल तर फॉर्म ठेवा बाजूला आणि आधी आधार केंद्र गाठा. दुसरी अडचण खात्याची. पैसे पासबुक दिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. "पैसे आलेच नाहीत" म्हणणाऱ्या कितीतरी जणींचे पैसे कधीतरी शिबिरात उघडलेल्या, विसरलेल्या खात्यात पडून असतात. बँकेत जाऊन "आधार कोणत्या खात्याला सीड आहे", म्हणजे सरकारी पैसे कोणत्या खात्यात जातात, असं विचारायचं. "लिंक आहे का" विचारलं तर उत्तर हो येतं आणि गाडी तिथंच अडते.

नोंदणीनंतरची विचारपूस फोनवर करता येते, पण प्रश्न कसा विचारता यावर उत्तर अवलंबून असतं. "गोळ्या घेतेस ना?" याला आजवर नाही असं उत्तर मिळालेलं नाही. मी म्हणते, "पाकीट घेऊन ये. आता मोज, किती उरल्या?" चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, कमीत कमी १८० दिवस. त्यामुळे दिलेल्या वजा उरलेल्या किती, हे लगेच कळतं. हिशेब जुळला नाही तर रागवायचं नाही, कारण विचारायचं. बहुतेकदा मळमळ असते, किंवा काळी शी पाहून घाबरलेली असते. काळी शी होणारच. गोळी जेवणानंतर, झोपताना घेतली तर मळमळ कमी होते. चहाबरोबर घ्यायची नाही आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीच, दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

बहुतेक घरांत फोन स्पीकरवर असतो. त्यामुळे पहिलं वाक्य ठरलेलं: "आत्ता बोलू की नंतर करू?" पुढचे प्रश्न असे करायचे की तिला फक्त हो-नाही म्हणता यावं. "अंगावरून जातंय का?" चालतं, "कसा त्रास होतोय?" चालत नाही. सासूबाई शेजारी असतील तर ती "बरंय सगळं" एवढंच म्हणणार. क्रमही ठरवलेला बरा: डोकं सतत दुखतं का, डोळ्यांसमोर अंधारी किंवा काजवे येतात का, चेहऱ्यावर, हातांवर सूज आहे का, रक्त किंवा पाणी गेलंय का, ताप आहे का, बाळ फिरतंय का. यातल्या एकाही प्रश्नाला नको ते उत्तर आलं की फोनवरची चर्चा संपली, तिला दवाखान्यात आणायचं.

ज्यांचं बीपी वाढलेलं असतं आणि घरी मशीन असतं, त्यांना मी आकड्याचा फोटो पाठवायला सांगते. आकडा तोंडी नको, वरचा-खालचा उलटा सांगितला जातो. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. ब्लाउजच्या बाहीवरून किंवा हात खाली लोंबकळत ठेवून घेतलेलं बीपी चुकतं. १४०/९० किंवा त्यावर दिसलं तर पुन्हा घ्यायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात यायचं. १६०/११० दिसलं तर पुन्हा मोजत बसायचं नाही, निघायचं. एवढंच, की कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारं आणि पोटावर फोन ठेवून बाळाचे ठोके ऐकवणारं, अशी दोन्ही प्रकारची ॲप फोनमधून काढून टाकायला लावा. ठोके म्हणून जे ऐकू येतं ते आईच्याच पोटातलं काहीही असू शकतं, आणि ते ऐकून "बाळ बरं आहे" म्हणून थांबणं महागात पडतं. बाळाची हालचाल मोजायला फोनचं घड्याळ पुरतं. अठ्ठावीस आठवड्यांनंतर, जेवून डाव्या कुशीवर पडायचं, दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. नाही झाल्या तर सकाळपर्यंत थांबायचं नाही.

गाडीसाठी बाळंतिणीला १०२ आणि तातडीला १०८. १०८ चा फोन पुण्यातल्या नियंत्रण कक्षात लागतो, आपल्या गावात नाही. समोरच्याला "मारुतीच्या देवळापाशी" सांगून काय कळणार? आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वस्ती, आणि शेवटी डांबरी रस्त्यावरची खूण. हे पाच शब्द मी आठव्या महिन्यात कार्डाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून देते. घाईत फोन कुणीही लावो, त्याने फक्त वाचायचं. त्याखाली आणखी एक ओळ: वस्तीवर रेंज कुठं येते. पाण्याच्या टाकीजवळ, बांधावरच्या बाभळीखाली, जिथं येत असेल तिथं.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघतात आणि ही सगळी घडी मोडते. निघण्याआधी माता व बाल संरक्षण कार्डाच्या तीन पानांचे फोटो तिच्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्या फोनमध्ये ठेवायचे: आरसीएच आयडी आणि तारखांचं पान, तपासणीच्या तक्त्याचं पान, आणि जोखमीची नोंद किंवा लाल शिक्का असेल ते पान. कार्ड कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, भिजतं, हरवतं, फोटो राहतो. आरसीएच आयडी असला की कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात नवी नोंद न करता जुनीच पुढं चालवता येते. मुकादमाचा नंबरही घ्यायचा, कारण कोपीत वीज नसते आणि टोळीतला फोन दोन-दोन दिवस बंद असतो. पहाटे तीन-चारला उसाच्या फडात गेलेली बाई दुपारी फोन उचलणार नाही. रात्री भाकऱ्या उरकल्यावर, आठ-साडेआठला लागतो.

शेवटची नोंद सगळ्यात जास्त राहून जाते. प्रसूती झाली की तारीख त्याच आठवड्यात पोर्टलवर भरायची, म्हणजे किलकारीचे निरोप बाळाच्या वयाप्रमाणे येऊ लागतात. गर्भपात झाला, बाळ गेलं, तर ती नोंद त्याच दिवशी. ती केली नाही तर पोट रिकामं झालेल्या बाईला दर आठवड्याला फोन येत राहतो आणि तिच्या बाळाची वाढ कशी होतेय ते सांगत राहतो. अशी नोंद मी महिन्याच्या अहवालासाठी ठेवत नाही. तिच्या घरातून निघताना, रेंजची जागा आली की गाडी थांबवून तिथंच भरते.