आमची वाटचाल : रिले पॅनेल ते क्लाउड

कारखान्यांची मशीनं आपोआप चालवणारी कंट्रोल पॅनेलं बनवणं हा आमचा धंदा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आम्ही सुरुवात केली ती रिले-कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या, पॅनेलांवर. आजूबाजूला सगळ्या फाउंड्र्या. साच्याची वाळू तयार करणाऱ्या सँड प्लँटचा हॉपर, बेल्ट, मिक्सर कुठल्या क्रमानं चालायचा ते वायरिंगमध्येच असायचं; बिघडलं की तिथला वायरमन ड्रॉइंग पसरून दोष शोधायचा. पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे छोटे प्रोग्रामेबल कॉम्प्युटर, आले तसं पॅनेल निम्मं झालं, कामही सुबक झालं. पण मशीन कसं चालतं हे आता लॅपटॉप लावल्याशिवाय दिसेना, आणि लॅपटॉप त्या-त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय काही दाखवेना.

कागदावर १९९३ पासून पीएलसीच्या प्रोग्रामिंग भाषांसाठी आयईसी ६११३१-३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. लॅडर, म्हणजे शिडीसारखी दिसणारी प्रोग्रामची आकृती, बघायला सगळीकडे एकसारखीच. तरी एका ब्रँडची प्रोजेक्ट फाइल दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा उघडत नाही. ब्रँड बदलायचा तर प्रोग्राम नव्यानं लिहायचा, म्हणून बदलायचं धाडस कोणी करत नाही.

याचा खरा चटका बसला एका साखर कारखान्यात, ऐन गळीत हंगामात. स्काडाच्या, म्हणजे सगळा प्लँट स्क्रीनवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पीसीची हार्ड डिस्क गेली. पीएलसी चालू होता, पण स्क्रीन काळी, त्यामुळे गव्हाणीचा, म्हणजे मिलकडे ऊस नेणाऱ्या वाहकाचा, वेग ऑपरेटर हातानं कमी-जास्त करत होता. लायसन त्या पीसीलाच बांधलेलं. पुरवठादार म्हणाला, जुनी आवृत्ती बंद झाली. नवी घ्या, तिला नवं विंडोज लागेल, त्याला नवा पीसी. यार्डात उसाच्या गाड्या उभ्या, आणि तोडलेला ऊस जितका पडून राहील तितका साखरेचा उतारा घटतो. चीफ इंजिनियर वैतागून म्हणाले, ‘‘मशीन आमचं, पैसे आमचे, आणि चावी त्यांच्याकडं?’’

वाचवलं ते मॉडबसनं. मॉडिकॉन कंपनीनं १९७९ मध्ये आणलेला हा प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांची एकमेकांशी बोलायची भाषा, कोणालाही वापरायला मोकळा, आणि तो पीएलसी मॉडबस बोलत होता. वेगळ्याच कंपनीचा एचएमआय, म्हणजे ऑपरेटरचा स्क्रीन, जोडून गव्हाण आणि मिलची मुख्य रीडिंगं स्क्रीनवर आणली. हंगाम निघाला. तेव्हापासून कोटेशनमध्ये पहिला प्रश्न आमचा असतो : खुला प्रोटोकॉल आहे का?

मोठ्या कंपन्यांनाच नावं ठेवून भागत नाही. आमच्याच धंद्यातले छोटे लोक पीएलसीला पासवर्ड मारतात, काहीजण तारखेचं कुलूप घालतात. पेमेंट थकलं की मशीन बंद. राग समजतो. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात पेमेंटला ४५ दिवसांची मुदत आहे, पण ती किती पाळली जाते ते कुठल्याही व्हेंडरला विचारा. तरी आम्ही कुलूप घालत नाही. प्रोग्रामची सोर्स फाइल, कॉमेंट्ससह, आणि पासवर्ड मशीन चालू करून देण्याच्या दिवशीच देतो. यामुळे काही एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीची कंत्राटं, गेली, खोटं कशाला बोलू.

इंटरनेटचं प्रकरण स्वस्त फोर-जी डेटाबरोबर आलं, आणि २०२० च्या लॉकडाउननंतर प्रत्येकाला मोबाइलवर मशीन बघायचं होतं. पुष्कळांनी सिमचा राउटर लावून पीएलसी थेट नेटवर काढला. ज्या मॉडबसनं आम्हाला तारलं त्याला मूळ रूपात पासवर्डच नाही. त्याचं नेटवरचं दार, पोर्ट ५०२, उघडं सापडलं की परका माणूस व्हॉल्व्ह किती उघडा आहे ते वाचू शकतो, बदलूही शकतो. मे २०२४ मध्ये पीएलसी बनवणाऱ्या रॉकवेलनं आपल्या ग्राहकांना जाहीरपणे सांगितलं, की इंटरनेटसाठी न बनवलेली उपकरणं नेटवरून काढा. नेट तोडलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही : २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट, पीएलसींवर हल्ला करणारा घातक प्रोग्राम, पेन ड्राइव्हवरूनही पसरत होता.

म्हणून आम्ही डेटा फक्त बाहेर जाऊ देतो. पीएलसीच्या शेजारी छोटा गेटवे, म्हणजे डेटा बाहेर पाठवणारं उपकरण, एमक्यूटीटी नावाच्या प्रोटोकॉलवर रीडिंग पाठवतो; बाहेरून हुकूम आत येत नाही. प्रोग्रामला हात लावायचा तर कारखान्याच्या माणसानं चावी फिरवून व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायची सुरक्षित वाट, चालू करायचा, काम झालं की बंद.

आता नवा आग्रह क्लाउडचा. पहिलं वर्ष फुकट, मग महिन्याचं भाडं, आणि डेटा पुरवठादाराच्या सर्व्हरवर. गिऱ्हाइकाला हवं असेल तर तेही बसवतो; मात्र जुना डेटा साध्या सीएसव्हीत, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या तक्त्याच्या फाइलमध्ये, काढून मिळेल, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्यायला लावतो. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे सध्या ऑफ-सीझनला पीसी बदलण्याचीच कामं जास्त आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी आधी लायसनची फाइल शोधावी लागते.